ढालकऱ्याचे दात

दुपारची भांडी आवरली, हात पुसले आणि मेणबाईनं ढालकऱ्याला त्रेचाळिसाव्यांदा मारलं. म्हणजे मारलं अजगरानं, हिनं नुसतं पुढे पाठवलं. गुहेत तीन डोक्यांचा अजगर टपून बसलाय हे तिला चांगलं ठाऊक होतं. "व्हा पुढे," ती पडद्याला म्हणाली आणि बटण दाबलं. ढालकरी बापडा ढाल सरसावून आत शिरला आणि पाचच सेकंदांत त्याचा चेंदामेंदा झाला. मग ती आरामात गावात परतली आणि विहिरीजवळची घंटा वाजवली. धूळ उडाली, त्या धुळीतून ढालकरी धडधाकट उठला, गुडघा टेकून म्हणाला, "हुकूम करा, बाईसाहेब."

हे एक वाक्य ऐकायलाच ती त्याला मारायची. खोटं कशाला बोला!

मेणबाई कवळ्या बनवायची. एकोणीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच खिडकीपाशी. मेणात दात रचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे तिला मेणबाई म्हणायचे. तिच्या टेबलासमोर दुसरं टेबल होतं आणि त्यावर जो बसायचा, त्याचं नाव तिनं दोन वर्षांपूर्वी तोंडातून काढून टाकलं होतं. घरात त्याचा विषय निघालाच तर ती "समोरचा" म्हणायची. त्याआधी एकोणीस वर्षं ती त्याला भाऊ म्हणत होती आणि तो तिला ताई.

त्या कारखान्यात एक रीत होती. प्रत्येक कारागीर आपल्या कवळीवर, गालाच्या बाजूला, जीभ पोचणार नाही अशा जागी बारीकशी खूण कोरायचा. मेणबाईची खूण तीन टिंबं, समोरच्याची गळासारखी वाकडी आकडी. काम कुणाचं हे त्यावरून कळायचं. एकदा समोरच्यानं सामना बघायला घरी पळायच्या नादात एक कवळी उकळत्या पाण्यातून अर्ध्या वेळातच काढली. ती कच्ची राहिली. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या तोंडात जेवताना तिचे दोन तुकडे झाले, एक घशात अडकला, मास्तर मरता मरता वाचले. कवळी कारखान्यात परत आली. ती आधी हातात पडली समोरच्याच्या आणि मालकांच्या टेबलावर पोचली तेव्हा तिच्यावर आकडी नव्हती. तीन टिंबं होती.

"ताई, तुमच्याकडून असं व्हायला नको होतं हो," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. वर मान हलवली होती! मेणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती तोंड उघडायच्या आत मालकांनी टिंबं बघितली आणि तिला घरी बसवलं. पंचक्रोशीतल्या सगळ्या दवाखान्यांत बोभाटा झाला की मेणबाई कच्चं काम करते. आता एक म्हातारा दातांचा डॉक्टर तेवढा तिच्याकडे तुटक्या कवळ्या जोडायला पाठवायचा. मागच्या खोलीत, खिडकीखाली, ती ते काम करायची. खूण करायची तिला परवानगी नव्हती.

तो खेळ लेकीचा. नोकरीसाठी दूर जाताना ती यंत्र इथंच ठेवून गेली. "आई, करून तर बघ, डोकं जरा दुसरीकडे लागेल," म्हणाली. मेणबाईनं नाक मुरडलं होतं. तलवारी, चेटकिणी, उडणारे घोडे, हे काय वय आहे का आपलं? पण एका रिकाम्या दुपारी तिनं यंत्र लावलं आणि संपलंच सगळं. नवऱ्याला त्या दिवशी चहासुद्धा स्वतःचा स्वतः करून घ्यावा लागला.

काय होतं एवढं त्या राज्यात? डोंगर होते, बर्फ होता, सात पडके किल्ले होते आणि ते एकेक सोडवायचे होते. पण बाई अडकली ती वेगळ्याच गोष्टीत. तिथं जो राक्षस तुम्ही मारला तो तुमच्याच नावावर लागायचा. तुम्ही विहीर साफ केली की पुढच्या गावातला लोहार तुम्हाला न बघताच म्हणायचा, "विहीर उपसणाऱ्या बाईसाहेब त्या तुम्हीच ना?" पहिला किल्ला घेतला तेव्हा वेशीवर बायका उभ्या राहिल्या आणि तिचं नाव घेऊ लागल्या. मेणबाई खुर्चीत बसून ढसाढसा रडली. नवरा धावत आला. "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही, किल्ला घेतला."

तिसऱ्या किल्ल्यानंतर खेळानं सांगितलं की आता एक ढालकरी ठेवा. चेहरा तुम्हीच घडवा. नाक, हनुवटी, भुवया, सगळ्याला पट्ट्या होत्या, सरकवाल तसं रूप बदलायचं. दातसुद्धा एकेक करून हलवता यायचे. मेणबाईच्या हाताला खाज सुटली. चार दुपारी ती त्या चेहऱ्यावर खपली. डाव्या भुवईतली फट, कानाची जाड पाळी, आणि दात! पुढचा डावा दात उजव्यावर किंचित चढलेला, कामाची तार चावायच्या सवयीनं उजव्याचा कोपरा उडालेला, सुळा जरा आत. चौथ्या दुपारी ढालकरी हसला आणि एकोणीस वर्षं टेबलापलीकडे हसणारा माणूस तिच्यासमोर उभा राहिला. "या भाऊ," ती म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी." आणि लगेच त्याला कड्यावरून खाली पाठवलं.

पाचव्या किल्ल्यानंतर दुसऱ्या ढालकऱ्याची जागा उघडली. ती तिनं रिकामीच ठेवली. तिचं वैर एकाशीच होतं.

तर त्या त्रेचाळिसाव्या मरणाच्या दिवशी दाराची घंटा वाजली. दारात समोरच्याची बायको. डोळे सुजलेले, हातात पिशवी.

"ताई, आत येऊ का?"

मेणबाई हिला वहिनी म्हणायची. वहिनींना टिंबांचं काहीच माहीत नव्हतं, हे मेणबाईला माहीत होतं. म्हणून तिनं दार उघडलं.

वहिनी पाणीसुद्धा न पिता बोलत सुटल्या. समोरचा जिन्यावरून तोंडावर पडला होता. वरचे दात गेले, उरलेसुरले डॉक्टरांनी काढले. कारखान्यातल्या पोरांनी दोनदा कवळी केली, दोन्ही वेळा आरशात भलताच माणूस दिसला. त्यानं दोन्ही काढून फेकल्या. महिना झाला, तोंडाला रुमाल लावून खोलीत बसतो, कोणाशी बोलत नाही. मालक थकलेत, पुढच्या महिन्यात कारखाना याच्या हातात देणार आहेत, आणि हा दार उघडायला तयार नाही.

"फोटो?" मेणबाईनं विचारलं.

वहिनींनी पिशवी उलटी केली. लग्नातले, सहलीतले, वाढदिवसाचे, पन्नासेक फोटो. सगळ्यांत तोंड मिटलेलं. वाकड्या दाताची लाज वाटायची त्याला, फोटो काढताना ओठ घट्ट आवळायचा. मोकळं हसायचा तो फक्त कामावर. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाचे साचे काढले आणि स्वतःच्या तोंडाचा एक काढून ठेवला नाही.

"डॉक्टर म्हणाले, ह्यांना रोज हसताना बघितलेलं कोणी असेल तर... ताई, तुम्ही समोरच बसायचात ना?"

मेणबाईच्या पोटात गुदगुल्या झाल्या. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. "पाठवा त्यांना उद्या," ती म्हणाली. "एकटेच पाठवा."

तो आला. खांदे पडलेले, रुमाल नाकाखाली घट्ट दाबलेला. मागच्या खोलीत खुर्चीवर बसला तरी नजर वर करेना. मेणबाईनं मापं घेतली, साचा घेतला. मग पडदा सुरू केला. ढालकरी विहिरीपाशी उभा होता. तिनं बटण दाबून त्याला हसवलं आणि चेहरा पडदाभर मोठा केला.

समोरच्याचा रुमाल खाली आला. तो खुर्चीतून अर्धा उठला, पडद्याजवळ गेला, बोटानं तो उडालेला कोपरा चाचपला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हा मीच," तो म्हणाला. दातांशिवाय शब्द नुसते फसफसत होते. "फोटो कुठून आणला?"

"फोटो नाही. हातानं केलाय."

मग त्याला कोपऱ्यातली यादी दिसली. ढालकरी. पातळी एकोणतीस. मृत्यू त्रेचाळीस. त्यानं ती दोनदा वाचली.

"त्रेचाळीस?"

"अजगर सतरा, कडा अकरा, बाकी किरकोळ," मेणबाई म्हणाली. "काल तुमच्या घरून माणूस आलं म्हणून थांबले, नाहीतर चव्वेचाळीस झाले असते."

तो खाली बसला. शेवटी म्हणाला, "ताई, दात कराल ना?"

"करीन. अस्से करीन. मालकांना फोन लावा आणि खूण कोणी कोरली ते सांगा."

"सांगतो. दात बसले की लगेच सांगतो, शप्पत."

"आत्ता. असेच. दातांशिवाय."

त्यानं हात जोडले. मेणबाई ढिम्म हलली नाही. एकोणीस वर्षांचं नाव धुळीला मिळालं तेव्हा हे हात कुठे होते? तिनं स्वतःच नंबर लावला, फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर ठेवला.

"कोण बोलतंय?" मालक म्हणाले. "काय? नीट बोल की रे, काही कळत नाहीये."

त्याला तीनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा पुटपुटला, दुसऱ्यांदा रडला, तिसऱ्यांदा एकेक शब्द सुटा करून, थुंकी उडवत, कानापर्यंत लाल होऊन बोलला. कवळी माझी होती. मी कच्ची काढली. आकडी मी घासली. ताईंची टिंबं मी कोरली. मेणबाई प्रत्येक शब्द ऐकत होती आणि अंगातून काहीतरी गार, गोड उतरत होतं. दोन वर्षं ती याच क्षणासाठी जगली होती.

पलीकडे मालक खोकले.

"अरे, मला का माहीत नव्हतं ते?" ते म्हणाले. "बाईंचं काम कधी कच्चं नसायचं. टिंबं बघताक्षणी ओळखलं, हा हात बाईंचा नाही. पण तुझी डॉक्टरांमध्ये ऊठबस होती, तुला काढून कारखाना कसा चालला असता? त्यांच्या नवऱ्याला नोकरी होती, भागलं असतं त्यांचं. आता मिटलेलं कशाला उकरतोस? दात बसवून घे आणि कामावर ये."

फोन बंद झाला. समोरचा मेणबाईकडे बघायलासुद्धा तयार नव्हता. ती मात्र त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की याला त्रेचाळीस वेळा मारून आपण अर्धंच काम केलंय.

शब्द दिला होता, तो तिनं पाळला. आठ दिवस खपून तिनं ती कवळी केली. पूर्ण वेळ उकळली, एक मिनिट कमी नाही. डावा दात उजव्यावर किंचित चढवला, कोपरा उडवला, सुळा आत ढकलला. बसवल्यावर त्यानं आरशात बघितलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा तो तोंड उघडून हसला. हुबेहूब तोच. वहिनी बाहेरच्या खोलीत होत्या, त्यांनी दारातून बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

आणि हसता हसता तो थांबला. तोंडाच्या आत जीभ वर गेली, टाळूवर फिरली, परत फिरली. कारागीरच तो, त्याला बघावं लागलं नाही.

"टाळूला काहीतरी लागतंय," तो हळूच म्हणाला. आता शब्द अगदी स्वच्छ येत होते. "तीन आहेत."

"माझं काम आहे. माझी खूण."

"पण ती गालाकडे करतात, ताई. ही तर सारखी जिभेला लागणार. जेवताना, बोलताना..."

"लागणारच."

तो खुर्चीत पुढे सरकला. मग आणखी हळू विचारलं, "घासून टाकली तर चालेल?"

"टाका की," मेणबाई हत्यारं पुसत म्हणाली. "खूण घासायला तुमचा हात बसलेलाच आहे. फक्त वहिनींना आधी सांगा, ती कशाची ते."

त्यानं दाराकडे बघितलं. तोंड मिटलं. जीभ पुन्हा वर गेलेली मेणबाईला गालावरून दिसली. मग तो उठला आणि बायकोबरोबर निघून गेला.

मेणबाईनं टेबल झाडलं, मेणाचे तुकडे डबीत भरले आणि पडद्यासमोर बसली. ढालकरी गुडघा टेकून होता. "हुकूम करा, बाईसाहेब." तिनं त्याला तसाच ठेवला. यादी उघडली, दुसऱ्या ढालकऱ्याच्या रिकाम्या जागेवर गेली आणि चेहऱ्याच्या पट्ट्या पुढे ओढल्या. स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, "चहा टाकू का? की आज करणार आहेस?"

"तुम्हीच टाका," ती म्हणाली. "मला वेळ लागेल. मालकांचे कान फार अवघड आहेत."