पोटभर पानं

कोआलाचं पिल्लू ज्या रस्त्यावर सापडेल त्याचंच नाव त्याला द्यायचं, ही त्या भागातली रीत. म्हणून ती ‘टटल्स लेन’ झाली. गाडीखाली मेलेल्या आईच्या पिशवीतून वेल्मा प्रिंगलने तिला काढलं होतं. साठी ओलांडलेल्या वेल्माने अशी अकरा पिल्लं हातावर वाढवली होती, पण मागच्या उन्हाळ्यातली दोन गेली. आता तिसरं जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. एकदा ठरवलं की माणूस हवं तेवढंच बघतं, तिथेच घोडं पेंड खातं.

निलगिरीची पानं पचवणारे जंतू पिल्लाला आईच्या पातळ विष्ठेतून मिळतात. वेल्माने दुसऱ्या एका मादीची विष्ठा मिळवली आणि पाण्यात कालवून सिरिंजने पाजली. मग न्यूमोनिया झाला. दहा दिवस अँटिबायोटिक दिल्यावर छातीतली घरघर थांबली, टटल्स लेन पुन्हा पानं खाऊ लागली आणि रोज सकाळी तराजूवर वजन चढू लागलं. सहाशे ऐंशी ग्रॅम. सातशे. सातशे तीस.

“बाळसं धरलंय की गं तुझ्या लाडकीने!” नवरा लेस म्हणाला.

“दृष्ट लावू नकोस.”

“नाही लावत. पण लेंड्या कमी दिसतात. काल कापडात सातच होत्या.”

“तू आता लेंड्या मोजत बसणार? वजन बघ की!”

लेसने ते कापड धुवायला नेलं. पिल्लू गप्प होतं, भूक लागली तरी ओरडेना. अंगावरची लोकर राठ झाली होती, श्वासाला आंबूस वास येत होता. वेल्माला हे सगळं दिसत होतं. डॉक्टर इमोजेनचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “छान आहे. सातशे साठ झाली.”

“आणि लेंड्या?”

“ठीक आहेत.”

लेसने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिने पाठ फिरवली.

दोन दिवसांनी सकाळी पिल्लाचं पोट टणक लागलं. दोघांनी लगेच गाडी काढून दवाखाना गाठला.

इमोजेनने पोट दाबून बघितलं. “अँटिबायोटिक संपल्यावर विष्ठा परत पाजलीस?”

“आधी पाजली होती ना...”

“औषधाने ते जंतूही मेले, वेल्मा. आठवड्याची पानं तशीच आत सडताहेत. वाढलंय ते त्यांचं वजन.” तिने हात बाजूला घेतले. “पोट भरलंय, आणि पोर उपाशी मरतेय.”

वेल्माला खूप लाज वाटली. वीस वर्षं हे काम करणारी बाई ती. “आता पाजली तर?”

“पाजू. पण फार उशीर झालाय, खोटी आशा नाही देत. आणि मी सांगेपर्यंत एकही पान द्यायचं नाही.”

तेवढ्यात टटल्स लेनने कशीबशी मान उचलली. वेल्माच्या एप्रनच्या खिशातून सकाळची डहाळी डोकावत होती. पिल्लाने ती ओढली, पान तोंडात घातलं आणि चावायला लागलं.

वेल्माने तिच्या दातांमधून ते पान ओढून काढलं. कितीतरी दिवसांनी पिल्लू ओरडलं.