चार महिन्यांमागचं रक्त

रंगुबाईने मेंढीची मान वर धरली आणि डॉक्टर पल्लवीने शिरेत सुई घातली. म्हसवडच्या माळावर सकाळपासून दोघींचं हेच चाललं होतं. रंगुबाईचा दीर बिराप्पा काठीवर हनुवटी टेकून नुसता बघत होता.

सात कोकरं गेली होती. जन्मायची धडधाकट, पण पंधरवड्यात पाय ताठ होऊन पडायची. बिराप्पाचं निदान तयारच होतं: भावाच्या माघारी बाईने कळप हाकला, बिरोबा कोपला. येत्या रविवारी भावकी कळप त्याच्या हवाली करणार होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला माणसं कशी वेळेवर येतात!

"देव कोपला का आनि काय, ते रगात सांगंल," रंगुबाई म्हणाली. "तवर एका मेंढराला हात लावायचा न्हाई, भावजी."

रविवारी भावकी देवळापुढे जमली. पल्लवी शिरवळच्या प्रयोगशाळेतून रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन आली, तेव्हा रंगुबाईने तिला आधी बाजूला घेतलं.

"मावशी, सेलेनियम नावाचा क्षार असतो. चिमटीहूनही कमी लागतो, पण तो नसला की कोकराचे स्नायू आखडतात. मेंढ्यांना आता तो मिळतोय. पण रक्तातल्या तांबड्या पेशी तयार होताना मिळेल तेवढाच धरून ठेवतात आणि पुढे महिनोन्‌महिने जगतात. त्या रिकाम्या आहेत, म्हणजे त्या तयार झाल्या तेव्हा क्षार मिळत नव्हता. चार महिन्यांमागे मेंढ्या कुठे होत्या?"

रंगुबाईचा हात पदरावर थांबला.

"शिराळ्याला. उसाच्या रानात. गाभण हुत्या, म्हनून एकाच जागी ठिवल्या. दोन म्हैनं निस्तं उसाचं वाढं, शेंड्याचा पाला, घातलं."

हे ठरवलं होतं तिनेच. नवरा असता तर चौथ्या दिवशी तळ हलवला असता. तिला फार लागलं ते.

पल्लवीने आवाज खाली आणला. "क्षार कमी पडला, एवढंच सांगते मी. कधी ते नाही सांगत."

"न्हाई. समदंच सांगायचं. मी सांगते."

ती भावकीपुढे उभी राहिली. "कोकरं माज्यापायी मेली. दोन म्हैनं एकच चारा घातला, माजी चूक झाली. देवाचा ह्यात हात न्हाई."

बिराप्पा उठला. "ऐकलंसा? आपल्या तोंडानं कबूल झाली! सोड वैनी मेंढरं."

"का म्हनून? कोवळ्या इखारी जोंधळ्यात घालून तुमी वीस मेंढरं मारलीसा, तवा तुमची मेंढरं कुनी काढून घेतली? गड्यानं केली की ती चूक, आन बाईनं केली की देवाचा कोप व्हय?"

म्हातारे जमिनीकडे बघू लागले.

"माज्या हातनं बिघडलं, माज्याच हातनं सुदरंल. मेंढरं न्हाई द्यायची." रंगुबाई पल्लवीकडे वळली. "म्याडम, गाभण मेंढीला ह्यो क्षार कसा द्याचा, त्ये हितंच, मोठ्यानं सांगा. भावजी, तुमी बी ऐका. तुमच्या गाभण मेंढ्या अजून शिराळ्यालाच हायत न्हवं, वाढ्यावर?"

बिराप्पा खाली बसला.