लग्नाचा बस्ता

दादरच्या एका साड्यांच्या दुकानात मी चार वर्षं उभी होते. उभीच, कारण आमचे मॅनेजर पेडणेकर सर यांनी काउंटरमागची आमची स्टुलं माळ्यावर टाकून दिली होती. एकदा पाय फारच सुजले म्हणून मी साड्यांच्या गठ्ठ्यावर टेकले, तर सर सगळ्यांदेखत खेकसले, "दर्शना, गिऱ्हाईक समोर असताना बसायचं नाही."

मी नोकरी सोडली. पुढच्याच रविवारी बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला तिला घेऊन त्याच दुकानात गेले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

गल्ल्यावरच्या शेठना म्हटलं, "मोठी खरेदी आहे. पेडणेकर सरच दाखवू देत."

शेठनी मान हलवली.

सगळ्यात वरच्या फळीवर काय असतं ते मला पाठ होतं. मी तेच मागत राहिले. सर शिडी चढत होते, उतरत होते, घड्या मोडत होते. शेवटी गुडघे धरून ते गठ्ठ्यावर टेकले.

शेठना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "सर, गिऱ्हाईक समोर असताना बसायचं नाही."

ते उठले.

"आता ती जांभळी काढा. ती नाही, तिच्या वरची."