दहावी खाच

मी एक जुनं हजेरीचं घड्याळ आहे, मित्रांनो. भिंतीवर होतो तोवर माझ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कुणाचा दिवस सुरू होत नसे. आता बॉयलरमागच्या फळीवर आडवा पडलो आहे; बॉयलरच्या बाजूच्या फटीतून दिसेल तेवढं बाहेरचं बघतो. शेजारी एक फुटकी बादली आणि दांडा तुटलेली इस्त्री आहे. उद्या भंगारवाला येणार, असं कानावर आलं आहे. त्याआधी तुम्हाला काही सांगायचं आहे. माझं थोडं, आणि एका बाईचं जास्त.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी पेटी, काचेची तबकडी, खाली कार्ड घालायची फट आणि उजव्या अंगाला एक दांडी. फटीत कार्ड घालून दांडी दाबली की आतले आकडे शाईच्या फितीवर आपटायचे, कार्डावर जांभळी वेळ उमटायची आणि घंटी वाजायची. ज्या म्हाताऱ्या कारागिराने माझी घंटी बसवली, तो ती तीनतीनदा वाजवून बघत होता. "माणसं सकाळी सकाळी ऐकणार हिला," तो पुटपुटला, "जरा गोड असू दे बिचारी." तो आशीर्वाद समजून मी तिथून निघालो.

मला एका धुलाईघराच्या दाराशी टांगलं. गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या चादरी इथे धुवायला येत. दोन मोठे हौद, पिळणीचं यंत्र, वाळत घालायच्या दोऱ्या आणि खिडकीखाली इस्त्रीचं लांबलचक टेबल. सगळीकडे वाफ आणि जंतुनाशकाचा डोळे चुरचुरवणारा वास. चादरी यायच्या तेव्हा बघवत नसत. जायच्या तेव्हा पांढऱ्याशुभ्र, कोपऱ्यात फक्त इस्पितळाचा निळा शिक्का.

माझ्या खाली लाकडी फळीत दहा खाचा होत्या. दहा माणसं, दहा कार्डं. हौदवाले दादा दांडीवर मूठच मारायचे. चष्मेवाले कारकून पेनाच्या टोकाने दाबायचे. टेम्पोवाल्याचे दोन्ही हात गाठोड्यांत अडकलेले, तो कोपराने ढोसायचा आणि म्हणायचा, "उठा घड्याळराव, उजाडलं!"

दहावं कार्ड इस्त्रीवाल्या काकूंचं. त्या दोन बोटांनी दांडी दाबत, झोपलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तशी. मग तीच बोटं स्वतःच्या कपाळाला लावत.

"काकू, घड्याळाला कसला नमस्कार?" टेम्पोवाला चिडवायचा. "ते तर मालकाचं माणूस!"

"असू दे रे. खोटं तर बोलत नाही ना? तेवढ्यापुरता."

काकूंचा एक नेम होता. चादरीची शेवटची घडी घालताना त्यांचे ओठ हलत. "ज्याच्या अंगाखाली जाशील, त्याला उतार पडो." प्रत्येक चादरीला एकदा. गठ्ठा दोनशेचा असला तर दोनशे वेळा. उपवासाच्या दिवशी तोंडात पाण्याचा थेंब नसायचा, पण हे शब्द चुकायचे नाहीत. आपण घडी घातलेल्या चादरीवर कोण झोपलं, तो बरा झाला की नाही, हे त्यांना कधीच कळायचं नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही.

एकोणीस वर्षांत काकूंचा एकही खाडा नव्हता. मालक त्यांची कार्डं नव्या माणसाला दाखवत. "बघा, ही हजेरी!" आणि मला वाटे, ही तर माझीच शाबासकी.

पण मित्रांनो, मला जे ठाऊक होतं ते कार्डावर नव्हतं. काही सकाळी काकूंची बोटं इतकी कढत असायची की दांडी बराच वेळ गरम राहायची. कधी त्या खांदा माझ्या पेटीला टेकवून श्वास गोळा करायच्या. एकदा भर दुपारी इस्त्रीच्या टेबलाशी कोसळल्या. त्यांना न धुतलेल्या गाठोड्यांवर निजवलं. दोन तासांनी उठल्या, उरलेला गठ्ठा संपवला आणि संध्याकाळी वेळेवर मला दाबून घरी गेल्या. त्या दिवसाचं कार्ड पूर्ण भरलं. मी छापलं ते खरंच होतं. आल्या. गेल्या. मधलं मला छापता येत नाही.

कारकुनांच्या टेबलावर एक रेडिओ असे. त्या वर्षी त्यावर एकच विषय चालू होता. प्रत्येकाचा आरोग्य विमा सक्तीचा करायचा, आणि त्याचा हप्ता भरायचा कुणी? सभागृहात एक म्हणे कामगाराने, दुसरा म्हणे मालकाने, तिसरा म्हणे सरकारने. चौथा उठून पहिल्या तिघांच्या बापजाद्यांपर्यंत जायचा. इकडे हौदापाशीही तेच.

"मी धडधाकट माणूस," टेम्पोवाला म्हणे, "दुसऱ्याच्या दुखण्याचा हप्ता मी का भरू?"

"धडधाकट!" दादा हौदातून ओरडत. "परवा दाढ दुखली तर गाव डोक्यावर घेतलं होतंस!"

दादांना हसताना पोट धरावं लागे. त्यांच्या पित्ताशयात खडे होते. शस्त्रक्रिया सांगून दोन वर्षं झाली होती. निम्मे खाडे त्यांचेच असायचे.

शेवटी कायदा झाला. विमा सगळ्या कामगारांना सक्तीचा, आणि उतरवायचा तो कामाच्या ठिकाणीच. निम्मा हप्ता कामगाराचा. उरलेला निम्मा, जिथे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकाचा. नऊ किंवा कमी असतील तिथे सरकारचा.

मालकांनी सगळ्यांना इस्त्रीच्या टेबलाभोवती बोलावलं. ते वाईट नव्हते, हेही मला सांगायला हवं. बोलताना त्यांचा हात सारखा मानेवरून फिरत होता.

"दहा जणांचा निम्मा हप्ता मला झेपायचा नाही. दोघांना घरी बसवावं लागेल. कागदावर नऊच असले, तर सरकार भरेल आणि नऊ जणांचा विमा होईल. दहावा माणूस कामावर राहील, पगार तोच. फक्त कागदावर नसेल."

"म्हणजे तो आजारी पडला तर?" कुणीतरी विचारलं.

मालकांनी पिळणीच्या यंत्राकडे बघितलं. ते थांबवायचं राहिलं होतं, रिकामंच फिरत होतं.

"ज्याला विम्याची गरज कमीत कमी, त्याचं नाव काढू," कारकून म्हणाले. "घड्याळ सांगेल. त्याच्याकडे पक्षपात नाही."

त्यांनी कपाटातून कार्डांचे गठ्ठे काढले आणि टेबलावर खाडे मोजायला बसले. ज्याचे खाडे जास्त तो आजारी, ज्याचा एकही नाही तो ठणठणीत. कुणालाच त्यात काही चूक वाटली नाही. त्यांनी इमानदारीने मोजलं, दोनदा मोजलं. माझीच अक्षरं, माझीच शाई.

"काकूंचा एकही नाही," कारकून म्हणाले.

सगळे काकूंकडे बघू लागले. त्यांच्या हातात अर्धी घातलेली घडी होती.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मला काय व्हायचंय? दादांचं एकदा मार्गी लागू दे."

"आणि काकूंचा विमा वर उतरवलाय!" टेम्पोवाल्याने आढ्याकडे बोट केलं. "हप्ता रोजचा, चादरीमागे एक!"

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. दादा मात्र जमिनीकडे बघत होते. त्या वेळी कुणी तरी "नको" म्हणायला हवं होतं. काकूंना उचलून गाठोड्यांवर निजवणारे हातही तिथेच होते. पण हायसं वाटलं की माणसाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. सवयीने हात दहाव्या खाचेत गेला. खाच रिकामी.  मग कार्ड नसतानाच, दोन बोटांनी त्यांनी दांडी दाबली. घंटी वाजली. कारकुनांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

फटीत कार्ड नसलं की आकडे मागच्या रबराच्या गादीवर उमटतात. काकूंची वेळ माझ्या पोटात उमटली. संध्याकाळी त्यावर दुसरी, सकाळी त्यावर तिसरी. दोनशे अकरा दिवस त्या अशाच येत-जात राहिल्या. या दिवसांत त्यांना खोकला लागला आणि वाढतच गेला. रुमाल तोंडावर घट्ट धरून त्या खोकत, चादरीवर शिंतोडा उडू नये म्हणून. चादरीवरचे शब्द मात्र चालूच होते, आता मध्ये थांबून, धापा टाकत.

मग सरकारी तपासनीस आला. मालकांनी काकूंना वाळत घातलेल्या चादरींमागे उभं राहायला सांगितलं. तपासनिसाने नऊ कार्डं मोजली, नऊ माणसं मोजली. एवढ्यात चादरींमागून खोकल्याचा आवाज आला. कारकून लगेच मोठमोठ्याने खोकू लागले. "वाफेचा त्रास, साहेब. इथे सगळ्यांनाच आहे."

तपासनिसाने मान डोलावली आणि माझं झाकण उघडलं. घड्याळ तपासणं त्याच्या यादीत होतं. आतली गादी काळीजांभळी झालेली त्याला दिसली. मित्रांनो, तेवढा एक क्षण मला आशा वाटली. वाटलं, हा आता विचारील, कार्डाशिवाय इतके दिवस इथे कोण येतंय?

"अरेरे," तो म्हणाला. "केवढी शाई गळते आहे! हे घड्याळ कामातून गेलं. बदलून घ्या."

"आजच, साहेब, आजच," मालक म्हणाले.

अशी माझी नोकरी संपली. दारात काचेवर बोट टेकवायचं नवं यंत्र आलं. त्याला घंटी नाही. काकूंचं बोट ते ओळखत नाही. पहिल्या दिवशी काकू मला शोधत बॉयलरमागे आल्या. रुमालाने माझ्या काचेवरची धूळ पुसली, दांडीला दोन बोटं लावली. दाबली नाही. पुढे बारा दिवस त्या कामावर येत राहिल्या. तेराव्या दिवशी आल्या नाहीत. एकोणीस वर्षांतला त्यांचा पहिला खाडा. तो कुठेच लागला नाही.

चार दिवसांनी दुपारी एक मुलगी दारात आली. "मी इस्त्रीवाल्या काकूंची लेक."

मालक उठले, बसले, पुन्हा उठले. "कशा आहेत त्या?"

"इस्पितळात नेलंय. फुप्फुसाचं आहे. खिडकीवर विम्याचं कार्ड मागतात. नसेल तर जिथे काम करते तिथलं पत्र आणा म्हणतात." तिने कोरा कागद पुढे केला. "दोनच ओळी द्या, काका. इथे काम करते, एवढंच."

"पैशांचं काही लागलं तर..."

"तुमचे किती दिवस पुरतील? दोन ओळी द्या."

मालकांचा हात मानेवर गेला. "बाळ, मी लिहिलं की इथे दहा माणसं होती हे कबूल केल्यासारखं होतं. नऊ जणांचा विमा रद्द होईल. या गुरुवारी दादांची शस्त्रक्रिया आहे."

मुलीने दादांकडे पाहिलं. दादा कोपरापर्यंत भिजलेले उभे होते. त्यांनी हात पुन्हा हौदात घातले. 

"आई म्हणालीच होती, कुणाशी भांडू नकोस," ती म्हणाली. "हजेरीची जुनी कार्डं तरी द्या. एकोणीस वर्षांची असतील."

"ती रद्दीत गेली," कारकून चष्मा पुसत म्हणाले. "नाव काढलं तेव्हाच."

"आणि नंतरची?"

"नंतर कार्ड नव्हतं."

ती माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती. मधे बॉयलर होता. माझ्या पोटात तिच्या आईचे दोनशे अकरा दिवस होते. देवाने मला घंटी दिली, पण ती वाजवायला दुसऱ्याचा हात लागतो.

जाता जाता ती इस्त्रीच्या टेबलापाशी थांबली. "वऱ्हांड्यात बाकावर झोपवलंय तिला. गार लागतं म्हणून चादर मागितली, तर म्हणाले, चादर खाटेबरोबर मिळते आणि खाट कार्डाबरोबर."

टेबलावर त्या दिवशीचा गठ्ठा होता. टेम्पोवाल्याने झटकन वरची चादर उचलली आणि तिच्या हातात कोंबली. "घेऊन जा. मी बघतो काय ते."

मुलीने चादर उलगडली. कोपऱ्यातल्या निळ्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग तिची नीट घडी घातली, अगदी आईसारखी, आणि परत गठ्ठ्यावर ठेवली.

"इस्पितळाचीच आहे ही. चोरी म्हणतील," ती म्हणाली आणि गेली.

काकू नऊ दिवसांनी त्याच बाकावर वारल्या. टेम्पोवाला गाठोडी उतरवायला इस्पितळात गेला होता, त्याने बातमी आणली. त्या दिवशी त्याने कुणालाच चिडवलं नाही. दादांची शस्त्रक्रिया चांगली झाली. ते महिन्याने कामावर आले. रोज सकाळी नव्या यंत्रासमोर बोट धरून जरा जास्तच वेळ उभे राहतात म्हणे. इस्त्रीला दुसरी बाई आली आहे. तीही कागदावर नाही. चादरी पूर्वीइतक्याच पांढऱ्या निघतात, पण त्यांच्यावर आता कुणी काही बोलत नाही. रेडिओवर सभागृहात पुन्हा वाद चालू आहे, दहाचा आकडा पंधरा करायचा की पाच. टाळ्याही ऐकू येतात.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुमच्याकडे काही तरी मागायचं असतं. जुन्या वस्तू जपा, असं म्हणायचं असतं. मला तेल नको आणि भिंतही नको. एवढंच सांगतो. जो माणूस कधीच रजा घेत नाही, तो बरा आहे असं समजू नका. त्याच्या हाताला हात लावून बघा, कढत आहे का ते. तुम्ही बघाल, असं मला वाटत नाही. तिथे सगळी भलीच माणसं होती, आणि त्यांनी कार्डं मोजली.

भंगारवाल्याला लोखंड स्वच्छ लागतं. म्हणून आज संध्याकाळी कारकून रॉकेलचा बोळा घेऊन येणार आहेत, माझी गादी पुसायला. तिथे काकूंच्या वेळा एकावर एक इतक्या उमटल्या आहेत की आता एकही वाचता येत नाही. मलाही नाही.