वाळूतली गुहा

"तू मध्ये पडू नकोस," कपडे वाळत घालता घालता आई म्हणाली.

समोरच्या बांधकामासाठी ट्रकभर वाळू आली होती आणि शेजारच्या काकूंच्या ढोल्याने आणि चिंगीने तिच्यात गुहा खणली होती. मागे ढोल्या गच्चीच्या कठड्यावर चालताना मी त्याला हटकलं, तेव्हा काकूंनी आईलाच जिन्यात गाठून सुनावलं होतं. तेव्हापासून आईने कानाला खडा लावला होता.

पण मी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ओली वाळू उभी राहते ती कणांमधल्या पाण्याच्या जोरावर. पाणी उडालं की तीच वाळू काही न सांगता खाली बसते. आणि बाल्कनीतून मला स्पष्ट दिसत होतं, सकाळी काळपट असलेला ढीग उन्हाने पांढरा पडत चालला होता.

"ए, बाहेर व्हा आधी!" मी जीव खाऊन ओरडले.

घात झाला. मोठं माणूस ओरडलं की लपायचं, हा पोरांचा नियम. दोघंही सुर्रकन गुहेत!

मी अनवाणीच जिने उतरले. ढिगावरून वाळूच्या बारीक धारा घरंगळत होत्या. पुन्हा ओरडले असते तर पोरं आणखी आत सरकली असती. मी गुहेच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसले.

"कोणी खणली रे ही? भारी आहे!"

आतून चिंगी म्हणाली, "मी. ढोल्या नुसता हुकूम सोडतो."

"खोटारडी!"

"बरं, कोणाची वाळू जास्त काळी ते उजेडात बघू. मूठ भरून आणा. भिंतीची नको हं, पायाखालची."

चिंगी रांगत बाहेर आली. तिच्यामागे ढोल्या. "माझीच काळी—"

तो कमरेपर्यंत बाहेर आला आणि छत बसलं. धप्प, एवढाच आवाज. मी त्याच्या काखेत हात घालून ओढलं. पुन्हा ओढलं. तो सुटला, वाळू थुंकत.

"माझी मूठ सांडली ना!" त्याने भोकाड पसरलं.

तेवढ्यात काकू धावत आल्या. "माझ्या पोराला ओढतेस कशाला गं?"

"काकू, नंतर हवं तेवढं बोला. ढिगात अजून एखादी गुहा आहे का, ते आधी विचारा त्याला."

"आहे की, पलीकडे," ढोल्या रडता रडता ऐटीत म्हणाला. "हिच्याहून मोठी!"

काकू वळसा घालून गेल्या, वाकल्या. उठल्या तेव्हा चेहऱ्याचा रंग उडाला होता. भिंतीला टेकवलेलं फावडं त्यांनी उचललं आणि थेट ढिगावर चढायला निघाल्या.

"वर नको, काकू! बाजूने ढकलायची."

पोरांच्या आरडाओरड्यात आम्ही दोघींनी ती गुहा पाडली.

"पुढच्या वेळी असं काही दिसलं तर..." काकू धापा टाकत म्हणाल्या.

"ओरडू?"

"ओरडू नकोस गं बाई. सरळ खाली ये. आणि येताना मला हाक मार."