शहाण्णवपासून सुरू झालेले खांब

डूख धरावा तर नागाने, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी फरशीच्या कारखान्यातली चार्टवाली पाहिलेली नव्हती. तिने तेरा महिने डूख धरला. त्या तेरा महिन्यांत ती एक दिवस उशिरा आली नाही, एकदा आवाज चढवला नाही, आणि ज्याच्यावर डूख होता त्याला रोज सकाळी न चुकता "गुड मॉर्निंग सर" म्हणाली.

हा सर म्हणजे पॅकिंग आणि रवानगीचा मॅनेजर. माघारी त्याला सगळे फुगा म्हणत. अंगाने तो काठी होता, पण त्याला सगळं फुगवलेलंच लागायचं. चार्ट म्हणजे कसा, जाडजूड, सावली पडणारा, कागदातून बाहेर येऊन गळ्यात पडणारा. एकदा त्याने तिच्याकडून अकरा फोडींचा गोल चार्ट करून घेतला. प्रत्येक फोड वेगळ्या रंगाची आणि केंद्रापासून ओढून काढलेली.

"सर, हे कलिंगड वाढायचंय का मीटिंगमध्ये?" तिने विचारलं होतं.

"अगं, लोकांना झोप लागते तिथे. रंग दिसला की डोळे उघडतात."

डोळे उघडत, पण दिसत काहीच नसे. ते तिला कळत होतं. ती मुळात आकडे टंकायला आलेली. कोणी शिकवलं नाही, कोणत्या वर्गाला गेली नाही. वर्तमानपत्रातले आलेख कापून वहीत चिकटवायचे, मग घरी बसून त्यातली एकेक रेघ पांढऱ्या शाईने खोडत जायचं, आणि किती खोडल्यावर अर्थ बिघडतो ते बघायचं, अशी तिची शाळा. त्या शाळेत ती एवढं शिकली की निम्म्या रेघा फुकटच्या असतात. मागच्या जाळीच्या रेघा नकोत. सावली नको. कोपऱ्यात रंगांची यादी देऊन माणसाची मान उजवीकडे-डावीकडे करायला लावायची नाही. नाव थेट रेघेच्या टोकाशी लिहायचं. जे सांगायचंय त्याला एक रंग, बाकी सगळं राखाडी. आणि खांब उभे केले तर त्यांचा पाया शून्यावर. पाया वर सरकवला की खांब खोटं बोलायला लागतात.

हे तिला माहीत होतं. तरीही तिने तो चार्ट केला होता. इथेच सगळी आग होती.

झालं होतं असं. पॅकिंगच्या तीन लाइन. शंभर खोक्यांतली किती गिऱ्हाइकाकडे धड पोचतात त्याचे आकडे: पहिली लाइन सत्त्याण्णव पूर्णांक दोन, दुसरी शहाण्णव पूर्णांक नऊ, तिसरी शहाण्णव पूर्णांक तीन. शून्यापासून खांब काढले तर तिन्ही सारखेच, जुळ्याला तिळं जोडल्यासारखे. फुगा खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "यात फरकच दिसत नाही गं. शहाण्णवपासून सुरू कर की."

तिने दोन ठिकाणी क्लिक केलं. पहिला खांब ताठ उभा राहिला आणि तिसरा भुईला टेकला, पहिल्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. "वा! तिसऱ्याला लाल कर," तो म्हणाला. तिने केला. दिसायला चार्ट देखणा होता. खोटं कशाला बोला, तिला तेव्हा जरा अभिमानही वाटला.

तिसऱ्या लाइनची सुपरवायझर तिची सख्खी मोठी बहीण होती.

तिला वाटलं, जास्तीत जास्त काय, ताईला दोन शब्द ऐकावे लागतील. पण फुगा तो लाल बुटका खांब घेऊन मीटिंगमध्ये गेला, आणि बावीस वर्षं खोकी बांधलेल्या बाईला पंधरा दिवसांत घरी बसवून आला. तिसऱ्या लाइनवर मोठ्या फरशा जातात, त्या जड असतात, जास्त फुटतात, हे त्याला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट त्याला ठाऊक होती, पण ती चार्टवालीला पुढे कळली.

ताईने निघताना तो चार्ट पाहिला. कोणीतरी पॅकिंगच्या भिंतीवर लावला होता. ती बहिणीला एवढंच म्हणाली, "तुझा हात फार सफाईदार आहे गं."

त्यापेक्षा मुस्काटात दिली असती तर बरं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण इथे दातांनी ओठ पार फाडला होता. ताईने त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. घरच्या कार्याला दोघी असल्या की ताई ताटं वाढताना तिच्या पुढून सरळ पुढे जायची.

चार्टवाली रडत बसली नाही. रडणं तिला परवडण्यासारखं नव्हतं, त्यात वेळ जातो. तिने आकडे काढले. दोन वर्षांचे, आठवड्या-आठवड्याचे. तिसऱ्या लाइनची फुटतूट एका रेघेत मांडली. रेघ कितीतरी महिने शंभरात दीडच्या आसपास शांत पडून होती आणि एका आठवड्यात उसळली. तो आठवडा कोणता? ती स्टोअरकीपरकाकांकडे गेली.

"काका, या तारखेला काय आलं होतं?"

काकांनी चष्मा वर केला, रजिस्टर उलटलं आणि बोट ठेवलं. "पातळ खोकी. तीन पदरांची. आधी पाच पदरांची होती. मी म्हटलं होतं, साहेब, मोठी फरशी यात राहायची नाही. म्हणाले, काका तुम्ही चहाची बिस्किटं मोजा. ही बघ सही."

सही फुग्याची होती. हीच ती दुसरी गोष्ट. खोकी त्याने बदलली, फरशा फुटल्या, आणि बोट स्वतःकडे वळायच्या आत त्याने ताईचा खांब लाल करून घेतला. केसाने गळा कापला, आणि केस चार्टवालीचा वापरला.

"काका, लागलं तर हे रजिस्टर दाखवाल?"

"विचारलं तर दाखवीन. मी काही ढोल घेऊन फिरणार नाही."

"ढोल मी वाजवते."

आता प्रश्न एवढाच, की वाजवायचा कुठे. मीटिंगमध्ये तिला बोलायची मुभा नव्हती. ती लॅपटॉपशी बसायची आणि फुगा "पुढे" म्हणाला की पान पुढे सरकवायची. मधेच उठून बोलली असती तर वेडी ठरली असती. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. मग बोलणारा कोण होता? फुगाच. आणि फुग्याची एक खोड होती: तो कधी तयारी करून यायचा नाही. पडद्यावर पान आलं की वर जे मथळा म्हणून लिहिलेलं असेल ते भारदस्त आवाजात, शब्दन्‌शब्द वाचायचा. त्याचे डोळे वाचायचे, तोंड बोलायचं, आणि डोकं चहाची वाट बघायचं.

तोवर तिचे मथळे असायचे 'मासिक रवानगी' नाहीतर 'लाइननिहाय तक्रारी'. दुसऱ्या महिन्यापासून तिने ते बदलले. मथळ्यात आता पूर्ण वाक्य यायला लागलं. 'उशिरा पोचलेल्या गाड्यांपैकी निम्म्या सोमवारच्या आहेत.' खाली राखाडी खांब, आणि सोमवारचा एकटा निळा. फुगा आधी कुरकुरला.

"हे काय, सगळं सुतकी दिसतंय. माझं कलिंगड कुठंय?"

"एकदा असंच दाखवून बघा सर. नाही आवडलं तर पुढच्या वेळी फोडी करते."

त्याने वाक्य वाचलं. टेबलाच्या टोकाला मालकीणबाई बसत. त्यांनी सासऱ्यांच्या काळात स्वतः भट्टीवर उभं राहून कारखाना वाढवला होता, आणि त्यांना बडबडीचा तिटकारा. त्यांनी मान वर केली. "आज पहिल्यांदा तुमचं काहीतरी समजलं," त्या म्हणाल्या.

फुगा आणखी फुगला. त्या दिवसापासून त्याला ही वाक्यं स्वतःचीच वाटायला लागली. पहिले काही महिने तो फाइल आधी चाळायचा. सहाव्या महिन्यापासून तेही सोडलं. नुसतं विचारायचा, "कंपनीचं चिन्ह कोपऱ्यात आहे ना? बास." चार्टवाली दर महिन्याला त्याला नीटनेटकं, खरं, स्वच्छ वाक्य भरवत गेली आणि तो गिळत गेला. बोकड पोसावा तसा तिने पोसला. एकाही चार्टमध्ये तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, कारण ज्या दिवशी सुरी चालवायची त्या दिवशी कोणी म्हणायला नको होतं की हिचा हात खोटा आहे.

वार्षिक मीटिंग आली. चार पानं सुरळीत गेली. मालकीणबाई खूश, फुगा रंगात, एक हात खिशात.

"पुढे," तो म्हणाला.

पाचवं पान आलं. वर एक वाक्य, खाली दोन वर्षांची एकच लाल रेघ, पाया शून्यावर. दोन बारीक उभ्या खुणा. पहिलीपाशी लिहिलेलं, 'पातळ खोकी सुरू'. दुसरीपाशी, 'सुपरवायझर बदलली'. रेघ पहिल्या खुणेला उसळत होती आणि दुसरीला ढुंकूनही न बघता वर चालली होती. दीड, मग पावणेचार, मग जवळजवळ सहा. लहान मुलालाही कळलं असतं.

फुग्याने घसा साफ करून सुरुवात केली. "तिसऱ्या लाइनची फुटतूट पातळ..." इथे त्याची जीभ अडखळली. पण वर्षभराची सवय. उतारावर सुटलेली गाडी 'पातळ'ला कशी थांबणार? "...पातळ खोकी आली त्या आठवड्यापासून वाढली. सुपरवायझर काढून ती... कमी झालेली नाही."

तो चार्टवालीकडे वळला. तिने 'पुढे'ची वाट बघितली नाही. सहावं पान आणलं. डावीकडे तो जुना, शहाण्णवपासूनचा चार्ट, लाल बुटक्या खांबासकट. उजवीकडे तेच आकडे, शून्यापासून, तिन्ही खांब जवळपास एका उंचीचे. वर वाक्य: 'आकडे तेच, डावीकडे पाया लपवला आहे.'

हे त्याने वाचलं नाही. मालकीणबाईंनी वाचलं, मोठ्याने.

"हा डावीकडचा कोणी केला?"

"हिने!" फुगा जवळजवळ ओरडला. "हिनेच केलाय मॅडम, हिला विचारा!"

"मी केला," चार्टवाली म्हणाली. "शहाण्णवपासून सुरू करायला यांनी सांगितलं. पण माउस माझ्या हातात होता."

"आणि ती सुपरवायझर?"

"माझी सख्खी बहीण."

मालकीणबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे सूड घेताय."

"हो. आकडे तपासून घ्या."

स्टोअरकीपरकाकांना बोलावणं गेलं. त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं, सहीवर बोट टेकवलं आणि ढोल न वाजवता परत गेले. संध्याकाळच्या आत फुग्याने खुर्चीमागचा कोट कायमचा उचलला. जिन्यात त्याने चार्टवालीला गाठलं.

"वर्षभर माझं मीठ खाऊन..."

"मीठ कंपनीचं होतं सर. तुमचे फक्त मथळे होते, तेही मीच लिहिलेले."

शिक्षा तिलाही झाली. सहा महिने रिपोर्टाला हात लावायचा नाही, पुन्हा आकडे टंकायचे. तिने त्या कागदावर सही केली आणि तडक ताईकडे गेली. ताई आता एका कपड्यांच्या दुकानात सदऱ्यांच्या घड्या घालायची. दुपार ओसरली होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताईने वर बघितलं नाही.

"मालकीणबाईंचा फोन आला होता मला. सोमवारपासून ये म्हणाल्या. पाच पदरांची खोकी परत येणार म्हणे."

"मग?"

"मग काय, जाणार. ती लाइन काय त्या फुग्याच्या बापाची आहे?"

चार्टवाली उभीच राहिली. ताईने एक सदरा घडी केला, दुसरा ओढला. मग पायाने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"त्याने स्वतःच्या तोंडाने वाचलं?"

"स्वतःच्या तोंडाने."

"सगळं?"

"पातळपाशी अडखळला. मग कानामागून घाम निघाला, तो कॉलरमध्ये गेला."

ताईचा हात घडीवर थांबला. "माफ केलेलं नाही हं मी तुला. आधीच सांगते."

"माहितीय."

"मग गप्प का झालीस? पहिल्यापासून सांग. पान कुठलं होतं, तो उभा कसा होता, काही गाळू नकोस."