खालच्या स्क्रूचा वायसर

"गळतंय, भाऊजी. ठेवली होती तिथे फरशीवर एवढा डाग पडलाय." वहिनीने दोन्ही हातांची ओंजळ करून डाग दाखवला. "त्यामुळेच बंद पडली असेल ना?"

मोटर तिने हातगाडीवरून माझ्या दुकानात आणली होती, जुन्या चादरीत गुंडाळून. मी चादर बाजूला केली. नावेच्या मागे लावायची ही मोटर माझ्या लग्नाच्याही आधीची. तिच्या प्रत्येक स्क्रूला माझा हात लागलेला आहे.

"बघतो," मी म्हणालो.

"आज बघाल?"

"आजच बघतो."

तरी ती गेली नाही. चादरीची घडी घालत उभी राहिली. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली.

"लोक काय बोलतात ते तुम्ही ऐकलंच असेल."

"मी नाही लक्ष देत."

"मोटर पाण्याबाहेर वर उचललेली होती म्हणे. माणूस मधेच पाण्यात मोटर कशाला उचलेल, असं विचारतात. मला विचारतात, भाऊजी. भाजी घेताना विचारतात." ती थांबली. "मला फक्त एवढं सांगा, मोटर बंद पडली होती का. पडली असेल तर पडली म्हणा. नसेल तर..." पुढचं तिने घडीत घातलं. "चार वाजता येते."

दीड महिन्यापूर्वी माझा थोरला भाऊ ह्याच मोटरीवर शेवटची फेरी मारून परत निघाला. तीस वर्षं तो तलावाच्या ह्या काठावरून त्या काठावर माणसं आणि सामान नेत होता. नाव सकाळी मधोमध सापडली, रिकामी. तो दुसऱ्या दिवशी सापडला. वारा नव्हता, लाट नव्हती, आणि पोहायला मला त्यानेच शिकवलं होतं. पोहता येणारा माणूस बुडाला की लोकांना बोलायला जास्त मिळतं.

ह्या दीड महिन्यात मी रडलो नाही. मला काहीच होत नाही. जेवतो तो भूक लागली म्हणून की घड्याळात एक वाजला म्हणून, हे मला सांगता येणार नाही. बायको म्हणते, तुम्ही भिंतीसारखे झालात. भिंतीला निदान ओल तरी येते.

एकच गोष्ट आत ठणकत होती, आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

जाण्याच्या आठ दिवस आधी दादा ही मोटर घेऊन माझ्याकडे आला होता, गिअरचं तेल बदलायला. काम अर्ध्या तासाचं. मोटरीच्या खालच्या भागाला दोन स्क्रू असतात. खालचा उघडायचा, जुनं तेल काढायचं, नवं तेल खालूनच भरायचं, वरच्या भोकातून बाहेर डोकावेपर्यंत. मग दोन्ही स्क्रू लावायचे. प्रत्येक स्क्रूखाली नखाएवढा वायसर असतो, आणि तो दर वेळी नवा टाकायचा असतो. हा नियम. माझी खोड अशी की जुना बरा दिसला तर उलटा करून तोच बसवायचा. पंचवीस वर्षांत एकही गळला नाही, म्हणून खोड मुरत गेली. त्या दिवशी दुकानात तीन गिऱ्हाईकं खोळंबली होती. नवा टाकला की जुनाच उलटवला, ते मला आठवत नव्हतं.

"नीट कर रे," दादा म्हणाला होता. "अजून दहा वर्षं चालली पाहिजे."

"ती चालेल. तू आधी तुझे गुडघे बघ."

तो हसला होता. तेवढंच. एरवी दोन शिव्या देऊन गेला असता.

जुना वायसर असेल तर तेल बाहेर, पाणी आत, गिअर जाम, मोटर बंद. हिशोब सरळ होता. म्हणजे भावाला मी मारलं. दीड महिना मी हे वाक्य मनात म्हणून बघत होतो, आणि वाक्य आपलं वाक्यच राहत होतं.

मोटर स्टँडला टांगली. गळती शोधायची तर आधी सगळं पुसून काढावं लागतं. घाणीत घाण शोधता येत नाही. रॉकेलच्या फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसली, कोरडी केली, खाली पांढरा पुठ्ठा ठेवला आणि समोर बसलो. ह्या कामात बसणं हेच काम असतं.

तासाभरात दोन थेंब पडले. खालच्या स्क्रूपासून नव्हे, पंख्याजवळच्या धुराच्या तोंडातून. बोटावर घेऊन चोळले. पातळ, काळं, पेट्रोलचा वास. गिअरचं तेल असं नसतं. ते मधासारखं जाड असतं आणि सडक्या अंड्यासारखं घाण वास मारतं. हे पेट्रोलात मिसळलेलं तेल, अर्धवट जळून धुराच्या वाटेत साचलेलं. मोटर आडवी ठेवली की बाहेर येतं. ह्या वयाच्या सगळ्याच मोटरी असं करतात. म्हाताऱ्या माणसाचं नाक गळतं, म्हणून कोणी त्याला दवाखान्यात नेत नाही.

तरी खालचा स्क्रू उघडला. आत पाणी गेलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं. धार स्वच्छ आली. स्क्रूखालचा वायसर लालभडक होता, कोरा. उलटवलेला नव्हता.

म्हणजे मी नवा टाकला होता.

आता हायसं वाटायला हवं होतं. मी स्टुलावर बसून त्याची वाट पाहिली. आलं नाही.

तेल पुन्हा भरलं, स्क्रू लावले, आणि मोटर पाण्याच्या पिंपात उतरवली, सुरू करून बघायला. टाकीत अर्धं पेट्रोल होतं. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची चावी, उघडायला हात नेला तर तो बंद होता. टाकीच्या झाकणावर हवेचा बारीक स्क्रू असतो, तोही घट्ट बंद.

मोटर थांबवण्याचे दोन प्रकार आहेत. माणूस चढवायचा-उतरवायचा असेल तर बटण दाबतात, झालं. पण मोटर बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करतात आणि मोटर चालूच ठेवतात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळून संपतं, मोटर खोकते आणि आपणहून थांबते. मग हवेचा स्क्रू बंद, मोटर वर. असं केलं की आत चिकटा धरत नाही, पुढच्या माणसाला त्रास होत नाही. वडिलांनी आम्हा दोघांना हेच शिकवलं होतं.

कार्बोरेटरची वाटी उघडली. पेट्रोल नुसतं वाळलं असतं तर तळाला तेलाचा चिकट थर राहिला असता. वाटी स्वच्छ होती.

ज्याने नाव ओढून आणली त्या नावाड्याला फोन लावला.

"मोटरीचा कॉक तुम्ही बंद केला होता का?"

"नाही बुवा. आम्ही हातसुद्धा लावला नाही. होती तशी सोडवली आणि घरी पोचती केली. का हो?"

"काही नाही. असंच."

वाटी परत बसवली, कॉक उघडला, दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. आवाज एकसारखा, कुठे अडखळ नाही. मी तिच्यासमोर उभा राहिलो, कॉक बंद केला आणि घड्याळ पाहिलं. मोटर थांबायला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं म्हणजे किती, ते मला त्या दिवशी कळलं. तेवढा वेळ तो पाण्याच्या मधोमध बसून ऐकत होता. तेवढ्या वेळात कॉक पुन्हा उघडता येतो.

का, ते मला माहीत नाही. मी त्याला विचारलं ते फक्त गुडघ्यांचं.

वहिनी चारला पाच कमी असताना आली. हातात तीच चादर होती.

"बसा," मी म्हणालो. ती बसली नाही.

भंगाराच्या डब्यात जुन्या वायसरांचा खच पडलेला असतो. त्यातला एक मी तिच्या येण्याआधीच काढून ठेवला होता, चपटा, कडेला चिरलेला. तो तिच्या हातावर ठेवला.

"हे काय?"

"खालच्या स्क्रूचा वायसर. नवा टाकायला हवा होता. मी जुनाच टाकला. तेल गळून गेलं, गिअर जाम झाला, मोटर बंद पडली."

तिने वायसर उलटा करून पाहिला.

"आणि वर उचलली ती?"

"जाम झाली की उचलूनच बघावी लागते. वाकला असेल. तोल गेला असेल. डोकं आपटलं असेल कडेला."

"म्हणजे ह्यांनी काही..."

"नाही."

"बंद पडली होती."

"माझ्यामुळे पडली, वहिनी."

ती खाली बसली, स्टुलावर नाही, जमिनीवरच. आणि रडली. दीड महिन्यात ती रडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, त्याचीही लोकांत चर्चा होती. मी पाणी आणून दिलं. तिने तोंड धुतलं, पाणी प्यायली नाही. मग माझ्याकडे पाहिलं तेव्हा ती माझी वहिनी राहिली नव्हती, आणि तसं होणार हे मी धरूनच चाललो होतो.

"एवढासा तुकडा टाकता आला नाही तुम्हाला? सख्ख्या भावाच्या मोटरीत?"

"नाही."

"मी सगळ्यांना सांगणार आहे. जो जो मला विचारत होता त्या प्रत्येकाला."

"सांगा."

"घरी येऊ नका आता."

"बरं."

वायसर तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. मोटर नेली नाही. चादरही विसरली.

सोमवारी सकाळी एक नावाडी आला. अठरा वर्षं माझ्याकडूनच मोटर दुरुस्त करून घेणारा माणूस, माझ्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा होता. त्याची मोटर दुरुस्तीसाठी माझ्याकडे पडलेली होती.

"घेऊन जातो म्हटलं," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "तशी घाई नाही, पण... दुसरीकडे दाखवून बघतो."

"दाखवा ना."

त्याने वाकून मोटरीला हात घातला. जड होती, एकट्याला उचलेना. मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी ती त्याच्या गाडीवर नीट ठेवली.